ओर्विएतोच्या स्टेशनबाहेर ‘आज केबल रेल्वे बंद आहे’ असं कोणी सांगितलं तर

रोम-फ्लॉरेन्सच्या जुन्या रेल्वेमार्गावर ओर्विएतो हे छोटं गाव आहे. गाव उभ्या कड्याच्या माथ्यावर आणि स्टेशन पायथ्याशी. खालून वर जायला स्टेशनच्या अगदी समोरून केबल रेल्वे सुटते. इटालियन लोक तिला फुनिकोलारे म्हणतात. तिकीट माणशी दोन युरोंच्याही आत, आणि दोन-तीन मिनिटांत माथ्यावरच्या प्याझ्झा काहेन या चौकात पोहोचवते. ही माहिती आमच्याकडे होती. तरीही आमचे १६० युरो गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो: आई-बाबा, नवरा आणि मी. सोबत सामान, दुपारचं ऊन आणि आईचे दुखरे गुडघे. नवरा आणि मी बॅगा उतरवत होतो तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, नीटनेटक्या शर्टातला एक माणूस थेट आईजवळ गेला. “ममा, फुनिकोलारे टुडे क्लोज्ड,” असं म्हणत त्याने तिची बॅग हातात घेतली. वर गाडीने सोडतो, फक्त पंधरा युरो, असं त्याने सांगितलं. वयस्क माणसं, सामान आणि पंधरा युरो, एवढं ऐकल्यावर कोणीही हो म्हणालं असतं.

गाडीत बसल्यावर त्याने दुसरा विषय काढला. उद्या कुठे जाणार? आमचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून होतं. हे ऐकताच त्याचा चेहरा गंभीर झाला. उद्या रेल्वेचा संप आहे, एकही गाडी सुटणार नाही, मी विमानतळावर २४० युरोंत सोडतो, पण आज शंभर आगाऊ द्यावे लागतील, मागणी फार आहे. इटलीत संप खरोखरच होतात. विमान चुकलं तर काय, या धास्तीने बाबा इतके अस्वस्थ झाले की आम्ही शंभर युरो रोख दिले. त्याने कागदावर एक फोन नंबर लिहून दिला.

पुढे गाड्यांना परवानगी नाही, असं सांगून त्याने आम्हाला एका चौकात उतरवलं आणि साठ युरो मागितले. पंधरा म्हणजे माणशी पंधरा, असं आता म्हणाला. बॅगा अजून त्याच्या डिकीत होत्या, त्यामुळे वाद घालण्याची सोय नव्हती. पैसे देऊन वळलो तर समोरच्या इमारतीतून माणसांचा घोळका बाहेर पडत होता. तो चौक प्याझ्झा काहेनच होता आणि बंद असलेली केबल रेल्वे खालून भरून आली होती. आईला तर रडूच आलं. पैशांपेक्षा आपल्या गुडघ्यांमुळे हे झालं, असं तिला वाटलं, आणि मला त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग त्याबद्दल आहे.

संपाची बातमीही खोटीच होती. मुक्कामाच्या ठिकाणच्या बाईंनी दोन मिनिटांत फोनवर पाहून सांगितलं. कागदावरचा नंबर लागला नाही.

तिथे जाणाऱ्यांना काही गोष्टी ठाऊक असायला हव्यात. इटलीतल्या कायद्यानुसार रेल्वेसारख्या सेवेत संपाची सूचना किमान १० दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे तो कोणाच्या गाडीत बसल्यावर अचानक कळत नाही. आणि खराच संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. स्टेशनवर ‘शॉपेरो’ (म्हणजे संप) हा शब्द असलेली सूचना लावलेली नसेल, तर तिकीट खिडकीवर तोच एक शब्द विचारा.

परतीचा मार्गही सोपा आहे. ओर्विएतोहून रोमला प्रादेशिक गाडीने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. या गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, शेवटच्या क्षणी घेतलं म्हणून वाढत नाही, आणि आरक्षणही नसतं. कागदी तिकीट मात्र फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं, नाहीतर दंड होतो. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून विमानतळाला न थांबता जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरोंत अर्ध्या तासात पोहोचवते. आम्ही दुसऱ्या दिवशी असेच गेलो. चौघांचे मिळून जेवढे लागले, ते त्या आगाऊ शंभर युरोंपेक्षाही कमी होते.

टॅक्सी हवीच असेल तर अधिकृत गाडी पांढरी असते, छतावर ‘टॅक्सी’चा फलक, दारावर नगरपालिकेचं चिन्ह आणि क्रमांक, आत मीटर. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या इतर गाड्या आधी ठरवून ठेवायच्या असतात. त्यांनी स्टेशनबाहेर फिरून गिऱ्हाईक गोळा करायचं नसतं, म्हणून जो स्वतःहून तुमच्या बॅगेला हात लावतो, त्याच्याकडे परवाना नसण्याचीच शक्यता जास्त. सामान डिकीत जाण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढा आणि भाडं एकूण की माणशी, ते फोनवर आकडा टाइप करून दाखवून घ्या.

आम्ही काराबिन्येरींच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, चौकीत लेखी तक्रार दिली. बाबांनी गाडीशेजारी आईचा जो फोटो काढला होता, त्यात नंबरप्लेटचा अर्धा भाग आला होता, तो त्यांनी ठेवून घेतला. पैसे परत मिळालेले नाहीत. तुमच्याबाबतीत असं घडलं आणि त्याने सामान अडवून ठेवलं, तर तिथेच उभं राहून ११२ लावा, हा आपत्कालीन क्रमांक परदेशी फोनवरूनही लागतो.