सांगलीत गॉथिक: पंक की व्हिक्टोरियन?

गॉथिक, म्हणजे काळ्या, गूढ धाटणीच्या कपड्यांची सुरुवात कुठून करावी, असं मैत्रिणी विचारतात. पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीतातून आलेली धाटणी १९८० च्या दशकातल्या लंडनच्या क्लबांमधली: फाटके जाळीदार मोजे, चामडी जॅकेट, खिळ्यांचा पट्टा, विस्कटलेले केस.

व्हिक्टोरियन धाटणी शोकवस्त्रांतून आली. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने उरलेलं आयुष्य काळ्या कपड्यांत काढलं. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या जेट नावाच्या काळ्याभोर खड्याचे दागिनेही तेव्हा लोकप्रिय झाले. उंच गळा, लेस, मखमल, कंबर आवळणारी कॉर्सेट.

माझा कौल हिलाच. सांगलीच्या एप्रिलात चामडं सोसवत नाही. मखमलही नाही, पण काळी लेस सुती कापडावर सुरेख बसते. आजीची संक्रांतीची चंद्रकळा लेसच्या ब्लाउजवर नेसून बघा, सोबत ऑक्सिडाइज्ड झुमके. पंकचे जाड बूट मात्र घ्याच. पावसाळ्यात चिखलातही चालतात.