पंपाची ‘लारी’ करणारं भाषांतराचं ॲप: पाचात अडीच

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, आमचं पंपांचं छोटं युनिट आहे. सुराबायाला पहिला माल निघाला तेव्हा मॅन्युअल इंडोनेशियनमध्ये हवं होतं, म्हणून वर्षाचे 1,200 रुपये भरून हे ॲप घेतलं.

नटबोल्टांची यादी, व्होल्टेज, वॉरंटी वगैरे झकास. पण इंग्रजी ‘रन’ आला की याचं डोकं फिरतं. ‘रनिंग अवर्स’चं केलं ‘जाम लारी’. जाम म्हणजे तास आणि लारी म्हणजे पायांनी धावणं. बडोद्याच्या माणसाला तर लारी, म्हणजे हातगाडी, म्हटली की सेवउसळच दिसते! हवं होतं ‘जाम ओपेरासी’.

ही चूक निदान दिसली. दुसरी दिसलीच नाही, कारण वाक्य अगदी शुद्ध होतं. मूळ इशारा ‘डू नॉट रन ड्राय’, म्हणजे आत द्रव नसताना पंप चालवू नका. गळती रोखणारं जे मेकॅनिकल सील असतं, त्याच्या घासणाऱ्या तोंडांना त्या द्रवाचंच वंगण आणि गारवा मिळतो. कोरडा चालवला की सील गेलंच. ॲपनं लिहिलं ‘जांगन साम्पाई करिंग’: सुकू देऊ नका. तिकडच्या सुपरवायझरचा व्हॉट्सॲपवर प्रश्न आला, धुतल्यावर पंप पुसायचा नाही का? त्यानं विचारलं म्हणून सील वाचलं.

रात्री दांडिया बाजारच्या घरी हे सांगत होतो, तर बायको म्हणाली, “अहो, पण आपलं मशीन धावतं कुठे? चालतं!” खरंच की. इंडोनेशियनमध्येही नेमकं तसंच आहे. माणूसही ‘बर्जालान’, मशीनही ‘बर्जालान’. आपण ‘चाल’ला ‘व’ लावून ‘चालव’ करतो, ते ‘जालान’ला ‘कन’ लावून ‘जालांकन’ करतात. शेवटी इशारा छापला: ‘जांगन जालांकन पोम्पा तान्पा चायरान’, द्रवाशिवाय पंप चालवू नका.

माझी खरी तक्रार ही की ॲप एकच शब्द पुढे करतं, पर्याय दाखवत नाही. सयाजीराव महाराजांनी याच शहरात 1931 साली कारभाराच्या शब्दांचा कोश काढला, त्यात एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी, गुजराती, संस्कृत असे प्रतिशब्द मांडले होते. आणि हे पैसे घेऊनही मुकं!

वर्गणी संपेपर्यंत वापरणार. सध्या ‘रन’ दिसला की आधी खोडून ‘ऑपरेट’ लिहितो, मगच ॲपला देतो. ‘ट्रायल रन’ तेवढा ठेवतो, त्याचं ‘उजी चोबा’ ते बरोबर करतं.