हँडकॅम: ग्लोव्ह की मनगटी पट्टा?

पॅराशूटच्या टँडम उडीत (प्रवाशाला स्वतःशी बांधून मारलेली उडी) इन्स्ट्रक्टरने हँडकॅम, म्हणजे हातावरचा कॅमेरा, कशावर बसवावा, हे किमतीवरून ठरवू नका. पट्टा स्वस्त, कुणाच्याही हातात बसतो. पण ड्रोगखाली (वेग आवरणारे छोटे पॅराशूट) ताशी सुमारे १९० किलोमीटरच्या वाऱ्यात तो मनगटाभोवती फिरतो आणि प्रवाशाच्या चेहऱ्याऐवजी नुसते आकाश टिपले जाते. त्याच मनगटावर अल्टिमीटर (उंची दाखवणारे यंत्र) असेल, तर तो झाकला जाण्याचा धोका वेगळाच. हा दोष सर्वांत गंभीर.

ग्लोव्हवर कॅमेरा हाताच्या पाठीवर घट्ट राहतो, कोन टिकतो. माप मात्र अचूक हवे: सैल ग्लोव्ह सरकतो, जाड तळव्यामुळे पॅराशूट उघडायचे हँडल चाचपडावे लागते. शिवण माउंटच्या (कॅमेरा बसवायच्या भागाच्या) कडेला उसवते, तिथे रोज बोट फिरवून पाहा.

अडकण्याची भीती दोन्हींत आहे. लांब स्क्रू, उघडे बकल किंवा लोंबते टोक पॅराशूटच्या दोरीत वा टॉगलमध्ये (दिशा बदलायच्या मुठीत) गुंतते. दुसऱ्या हाताने झटकन काढता येईल असेच माउंट घ्या.

अमेरिकेत यूएसपीए या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार २०० टँडम उड्यांआधी हातावर कॅमेरा चालत नाही. त्यानंतर रोज उडणाऱ्याने ग्लोव्हच घ्यावा. पट्टा फक्त अधूनमधून चित्रीकरण करणाऱ्यासाठी, तोही अल्टिमीटर मोकळा दिसत असेल तरच.