थाळी की मधोमध ठेवलेल्या बशा?

मटण थाळीत ज्याचं ताट त्याचं: सुकं, भाकरी, तांबडा-पांढरा रस्सा मागाल तेवढा. पोटभर जेवायचं तर तीच, खिशालाही परवडते.

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या छोट्या वाइन बारमध्ये बशा मधोमध येतात. परवा पांढऱ्या रश्शात शिजवलेले मशरूम आले, वर भाजलेली खसखस. चौघांनी एकाच बशीत पाव बुडवला, शेवटच्या घासावरून भांडलो. तिखटासोबत कडक रेड वाइन मात्र नको, तिच्यातल्या टॅनिन या तुरट घटकामुळे जाळ जास्त जाणवतो. नाशिकची गार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन मसाल्याला छान सांभाळून घेते.

जुने मित्र भेटणार असतील तर मी बारच निवडेन. थाळीपुढे गप्पा होत नाहीत. रस्सा गरम असतानाच भुरकायचा असतो ना!