शेवंडीला डेंगे नसतात! जेवणघरातल्या पॉम्पेई मोझेकचे नऊ महिने

जानेवारीत आमच्या जेवणघराच्या भिंतीवर ९० बाय ९० सेंटिमीटरचं संगमरवरी मोझेक, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे जोडून केलेलं चित्र, बसवलं. आता ऑक्टोबर उजाडलाय. मधल्या काळात त्याने एक अख्खा पावसाळा आणि एक वाटी सोलकढी सोसली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मी कोल्हापूरची. ब्रह्मपुरीला सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा छोटासा कांस्यपुतळा टाउन हॉलच्या संग्रहालयात लहानपणी पाहिलेला, त्यामुळे रोमनांचा समुद्र डोक्यात कुठेतरी होताच. पुढे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातलं मासळीचं मोझेक पाहिलं आणि तिथेच खिळले. काळ्याभोर पाण्यात मधोमध ऑक्टोपसने शेवंडीला (आपल्याकडचा लॉबस्टर) विळखा घातलाय, वाम त्यांच्या रोखाने येतेय, भोवती मासेच मासे. पॉम्पेईत या विषयाची अशी दोन मोझेकं सापडली. त्यातलं एक इसवीसनपूर्व १००च्या आसपासचं, 'फॉनचं घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यातलं. अलेक्झांडरच्या लढाईचं प्रसिद्ध मोझेकही १८३१ साली याच वाड्यात मिळालं. मासळीचं मोझेक होतं जेवणाच्या दालनात, तेही जमिनीवर. पाहुणे लोळत जेवायचे आणि खाली मासे.

आमचं पॅनेल याचीच नक्कल. अशी नक्कल करून देणारे बरेच आहेत. मी चौकशी केली तेव्हा एक गोष्ट पटकन कळली, ती घेणाऱ्यांसाठी सांगते. स्वस्त पॅनेलमध्ये दगडाचे चौकोनी तुकडे आलेखाच्या कागदासारखे सरळ ओळीत बसवलेले असतात. मूळ कामात काही मिलिमीटरचे तुकडे माशाच्या अंगाच्या वळणाने, अळी सरपटावी तसे जातात. त्या पद्धतीचं लॅटिन नावच मुळी अळीवरून पडलंय, ऑपस व्हर्मिक्युलाटम. फोटोत रांगा सरळ दिसल्या की पुढे जाऊ नका. माझ्या पॅनेलचे तुकडे ४-५ मिलिमीटरचे आहेत. मूळच्या मानाने जाडेभरडे, पण वळणं नीट आहेत. किंमत ४६ हजार, मिस्त्रीची मजुरी वेगळी.

काम पूर्ण व्हायच्या आधी कारागिराने फोटो पाठवला. मी कौतुकाने सासूबाईंना दाखवला. त्या मालवणच्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "ही शेवंड न्हय गो. शेवंडीक डेंगे खय असतत?" मला मासळीतलं पापलेट आणि सुरमई एवढंच कळतं, म्हणून मूळ मोझेकचा फोटो उघडला. खरंच! रोमन कारागिराने लांब मिशांची, बिनडेंग्यांची शेवंड काढलीय. आमच्या माणसाने परदेशी लॉबस्टरचे जाडजूड डेंगे लावले होते. कळवल्यावर त्याने कुरकुर न करता बदलून दिलं. मग आईंनी सगळा फोटोच तपासायला घेतला. ही मुशी, ही कोळंबी, हो, वाम बरोबर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला त्यांनी पास केलं. प्राणिशास्त्राचे अभ्यासकही या मोझेकमधल्या माशांच्या जाती ओळखू शकतात, हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, त्यात काय, बाजारात जाणारा कुणीही ओळखील.

बसवताना मात्र तारांबळ. पॅनेल जाळीवर चिकटवलेलं येतं आणि वजन वीस किलोच्या घरात. फरशीचा मिस्त्री चिकटवायचं नेहमीचं राखाडी केमिकल घेऊन आला होता. पांढरा संगमरवर थोडा पारदर्शक असतो, मागचा राखाडी रंग पुढे झिरपल्यासारखा दिसतो, म्हणून पांढरंच वापरायला लावलं. सांधे भरायला तो सवयीने व्हाइट सिमेंट कालवू लागला. काळ्या पाण्यावर पांढऱ्या रेघांची जाळी आली असती! गडद करडा, बिनवाळूचा ग्राउट आणवला. वाळूचा असला तर दगडावर चरे पडतात. त्या दिवशी मिस्त्री माझ्याशी फारसा बोलला नाही.

पहिले दोन महिने मी निराश होते, खरं सांगते. वरून सोडलेला स्पॉटलाइट भिंतीला घासून जात होता आणि तुकड्यांची प्रत्येक उंचसखल कड सावली टाकत होती. मासे दिसायचे कमी, खडबडीतपणाच जास्त. दिवा काढून समोरून साधा पिवळा उजेड दिला तेव्हा ऑक्टोपस जागा झाला. रंगही कोरडे, फिके वाटत. ओल्या फडक्याने पुसलं की दहा मिनिटं मोझेक झळाळायचं आणि पुन्हा मलूल. रंग खुलवणारा सीलर दोन हात मारल्यावर फरक पडला. तो आधीच मारायला हवा होता.

जुलैत खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढरी भुकटी फुटली. पश्चिमेची बाहेरची भिंत, ओल धरणारी. चूक जागेची, म्हणजे माझी. कोरड्या ब्रशने झाडून काढली, बाहेरून भिंत वॉटरप्रूफ केली. तेव्हापासून पुन्हा आली नाही.

सोलकढीचं प्रकरण गणपतीतलं. वाढताना वाटी कलंडली, शिंतोडे थेट वामेच्या शेपटीवर. लगेच पुसलं, पण संगमरवराला आंबट चालत नाही. कोकमाने चकाकी खाल्ली आणि तिथे रुपयाएवढा निस्तेज ठिपका राहिला. सीलर डाग अडवतो, आंबटाचा चावा अडवत नाही. म्हणून लिंबू-व्हिनेगरने पुसणं, बाथरूमचं अॅसिड, सगळं बंद. फक्त पाणी आणि मऊ फडकं.

तुकडे दोनच निघाले, दोन्ही कडेचे. कारागिराने जास्तीचे मूठभर दिले होते, ते बोर्नव्हिटाच्या बरणीत ठेवलेत. ठिपका घासून काढायला पॉलिशवाला बोलावणार होते, तर आई म्हणाल्या, "रवांदे. खाल्ल्यासारखा तरी वाटता."