खिशातली वही की प्रेरणेचा प्लॅनर? सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी परीक्षण

नाशिकच्या मेन रोड-शालिमार भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत या दोन वस्तू सहज मिळतात. एक म्हणजे जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा प्लॅनर. पानोपानी सुविचार आणि ‘आज मला कसं वाटतंय’ अशा रिकाम्या चौकटी. दुसरी, 96 पानांची साधी रेघी खिशातली वही. मिसळीच्या एका प्लेटच्या पैशात अशा दोन वह्या येतात. नवीन मशीनवर टाकलेल्या, नुकतंच सेटर (कामाआधी मशीन लावून देणारा) केलेल्या किंवा ट्रेनीतून कायम होऊ पाहणाऱ्या माणसाला ‘हे आपल्याला झेपणार नाही’ असं वाटत असेल, तर त्याने ही वहीच घ्यावी.

अशी धास्ती आठवणीवर पोसली जाते. शिफ्टमध्ये दोनशे पीस पास झालेले विसरले जातात, रिजेक्ट झालेले दोन रात्रभर डोक्यात फिरतात. ‘मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली मांडलं: स्वतः करून जमलेलं काम, आपल्यासारख्याला जमताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यातली पहिली वाट सगळ्यांत भक्कम. प्लॅनरमधला सुविचार तिसऱ्या वाटेवरचा, तोही अनोळखी माणसाचा. वहीत मात्र स्वतःच्या हातचं काम नोंदलेलं राहतं.

आता वस्तूबद्दल. ए-6 आकार, म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटर, शर्टाच्या खिशातून जरा वर डोकावतो. पँटच्या मागच्या खिशात ठीक बसतो. बांधणी शिवलेली बघून घ्या. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या वहीची पानं सारखी उघडझाप करून सुटतात, आणि स्पायरलची तार खिशात वाकून कपड्यात अडकते. जेल पेन टाळा, कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब पडला की शाई पसरते. साधं बॉलपेन टिकतं, पण तेलकट कागदावर तेही उठत नाही. म्हणून लिहिण्याआधी हात पुसायचे आणि वही मशीनवर ठेवायची नाही.

रोज एक पान, तीन ओळी: काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं. मजकूर मोजता येईल असा हवा. (पुढच्या उदाहरणात बोअर म्हणजे पीसमधल्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये; ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती; इन्सर्ट म्हणजे बदलता येणारं कापायचं पातं.) ‘आज सेटिंग चांगली झाली’ ही नोंद महिन्याभराने काहीच सांगत नाही. ‘बोअर 25.00 ते 25.02, पहिला पीस 25.03, रिजेक्ट. एक्स ऑफसेट 0.02 कमी केला, दुसरा 25.01. पुढच्या वेळी नवीन इन्सर्टला ऑफसेट आधी 0.20 कमी ठेवून कट घ्यायचा, मोजायचं, मग साइजवर यायचं’ ही नोंद कामाची. बोअर मोठा झाला की पीस परत येत नाही, लहान राहिला तर पुन्हा कट घेता येतो, हे कारणही तिथेच लिहावं. पुढच्या सेटिंगला हेच पान उघडलं की हात थरथरत नाही, कारण पुढची पायरी समोर लिहिलेली असते.

वही फसते ती बहुधा दोन कारणांनी. पहिलं, फक्त चुका लिहिल्या जातात आणि वहीचं आरोपपत्र होतं. तिसरी ओळ रिकामी राहिली, तर दुसऱ्या दिवशी सीनियरला ‘दादा, हे कसं सोडवायचं?’ असं विचारून ती भरायचीच. दुसरं, घरी जाऊन रात्री लिहिणं. तोवर थकवा चढलेला असतो आणि दिवस होता त्याहून वाईट आठवतो. शिफ्ट सुटताना, मशीन पुसून झाल्यावरची पाच मिनिटं यासाठी पुरतात.

एक खबरदारी मात्र पाळावीच. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगची नक्कल वहीत नको. गोपनीयतेचा प्रश्न उभा राहतो आणि नोकरीवर बेतू शकतं. ‘मोठा बोअर’, ‘लांब शाफ्ट’ एवढ्या खुणा पुरतात. वही ठेवणार हे सुपरवायझरसाहेबांच्या कानावर आधीच घालावं.

या वहीची मर्यादाही मोठी आहे. अपमान, अपुरं मनुष्यबळ किंवा न मोजता वाढवलेलं टार्गेट ती सुधारत नाही. फक्त दोष आपल्या हातात आहे की व्यवस्थेत, हे तारखांसह दिसू लागतं. अप्रेझलला बोलताना तेवढा आधार पुष्कळ असतो. झोप उडाली, जेवण जात नाही, कामावर निघताना छाती धडधडते, असं दोन आठवडे चाललं तर वहीवर विसंबू नका. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

महिन्याला साधारण 26 दिवस धरले तर 96 पानं पावणेचार महिन्यांत संपतात. एकाच मापाच्या तीन वह्या एकदम घ्या, कव्हरवर सुरू केल्याची तारीख टाका. भरलेली वही कपाटात न टाकता लॉकरमध्ये ठेवा. जुनी सेटिंग परत लागली की शोधायला ती तिथेच हवी.