थंडीच्या देशात कुंडीतला मोठा पाम: कॅनरी खजूर की हान्फपाल्मे?

म्युनिककडे टेरेस असलेलं किंवा तळमजल्यावरचं, बागेचा तुकडा असलेलं घर मिळालं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना झावळ्यांची आठवण होते. नारळाचा विचार सोडून द्या. फळासकट विकायला ठेवलेलं ते रोप इथल्या हिवाळ्यात घरात हळूहळू वाळत जातं. पुण्यात दारोदारी दिसणारा अरेका हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळीने बेजार होतो. माणसापेक्षा उंच, उन्हाळाभर बाहेर राहणारा आणि वर्षानुवर्षं टिकणारा पाम हवा असेल तर खरी निवड दोघांत आहे: कॅनरी खजूर आणि हान्फपाल्मे, म्हणजे इंग्रजीतला विंडमिल पाम. मी दोन्ही शेजारी शेजारी सांभाळले आहेत. आज माझ्याकडे एकच आहे.

दोघांची थंडी सोसायची मर्यादा लेबलवर लिहिलेली असते, पण ते आकडे बहुतेक वेळा जमिनीत लावलेल्या, मुरलेल्या झाडाचे असतात. कुंडीत थंडी चारही बाजूंनी मुळांपर्यंत पोचते. त्यामुळे हान्फपाल्मेसाठी उणे १५ वगैरे वाचून निश्चिंत होऊ नका. माझा अंदाज असा की कुंडीतला कॅनरी उणे ३ च्या आसपास आत घ्यावा आणि हान्फपाल्मे उणे ७ पर्यंत बाहेर राहू द्यावा, तोही भिंतीच्या आडोशाला. तुमची जागा वाऱ्याची असेल तर याहून थोडं आधी.

दिसण्यात कॅनरी सरस आहे, यात मला शंका नाही. पिसासारख्या लांब, कमानदार झावळ्या, भरगच्च डोकं. आपल्या शिंदीच्याच कुळातला, पण तिच्याहून देखणा. जुलैच्या संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलं की घराजवळ असल्यासारखं वाटतं, आणि हे सुख मला खोटं ठरवायचं नाही. किंमतही त्याची कमी, कारण तो लवकर वाढतो. हान्फपाल्मेची पानं पंख्यासारखी आणि खोडावर तपकिरी काथ्याचं जाड वेष्टण. आई इथे आली तेव्हा म्हणाली, "अरे, हा तर ताड! मला वाटलं माड आणलास." तिचं बरोबर होतं. कोकणातला माड डोळ्यांपुढे ठेवून झाड घेणाऱ्याला हान्फपाल्मे पहिल्या नजरेत आवडणं कठीण.

पण थंडीच्या देशात पाम नुसता बघायचा नसतो, तो उचलायचाही असतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत शंभर लिटरच्या आसपास माती मावते. ती ओली असली की झाडासकट वजन सहज शंभर किलोच्या पुढे जातं. कॅनरी पहिल्या कडक दहिवराला आत न्यायचा आणि ११ ते १५ मे हे आइसहायलिगंचे, म्हणजे उशिराच्या दहिवराचे, दिवस उलटले की बाहेर काढायचा, हा इथला रिवाज. म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष तो आत. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं म्हणून बाहेर काढला तर एप्रिलच्या बर्फात पुन्हा आत. हान्फपाल्मे नोव्हेंबरभर बाहेर राहतो, कित्येकदा नाताळपर्यंतही, आणि कडाक्याच्या दोन-तीन आठवड्यांपुरता गॅरेजमध्ये गेला तरी चालतं. तापमान शून्य ते पाचच्या दरम्यान असेल तर तेवढे दिवस अंधारही तो सोसतो.

माझा निर्णय मात्र वजनामुळे झाला नाही. तो झाला काट्यांमुळे.

कॅनरीची झावळी जिथून निघते तिथे नीट बघा. देठाच्या खालच्या भागातली पाती पाती राहतच नाहीत, त्यांचे काटे होतात. दाभणासारखे लांब, ताठ, आणि रंग पानाचाच असल्यामुळे चटकन न दिसणारे. दहा-बारा वर्षांच्या कुंडीतल्या झाडाला खोड असं फारसं नसतं, त्यामुळे हे काटे कुंडीच्या काठाच्या अगदी वर असतात. म्हणजे उचलण्यासाठी जिथे हात घालायचा, नेमके तिथेच. दोन-अडीच मीटरचा घेर दारातून जावा म्हणून झावळ्या दोरीने आवळून बांधाव्या लागतात, आणि पहिली गाठ खालीच मारावी लागते. चामड्याचे हातमोजे पुरत नाहीत, मनगटाच्या वरचा भाग उघडाच राहतो.

एका ऑक्टोबरात जिन्याच्या वळणावर असाच एक काटा माझ्या मधल्या बोटाच्या सांध्यात गेला आणि टोक आत मोडलं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण. आठवड्याभरात बोट वाकेनासं झालं. खजुराच्या जातीच्या काट्याचा तुकडा सांध्यात राहिला तर आतल्या अस्तराला सूज येते आणि तुकडा निघेपर्यंत ती हटत नाही. एक्स-रेमध्ये तो सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतो. माझा तसाच सापडला आणि छोटी शस्त्रक्रिया करून काढावा लागला. घरात लहान मूल धावत असेल तर हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.

काटे कात्रीने कापता येतात, झाडाला त्याने इजा होत नाही, आणि बरेच जण तसं करतात. पण दरवर्षी नव्या झावळ्या, नवे काटे. आणि कापायलाही हात तिथेच घालावा लागतो. हान्फपाल्मेच्या देठाला फक्त बारीक दाते असतात, साध्या हातमोज्यांनी काम भागतं. त्याचं डोकं आटोपशीर, झाड वर वाढतं, दोन चाकी ट्रॉलीवर तिरपं केलं की दारातून निघून जातं.

हान्फपाल्मेच्या तक्रारीही सांगतो. वाऱ्याने पानांच्या कडा फाटतात, टोकं मुडपतात, ऑगस्टपर्यंत जुनी पानं थकलेली दिसतात. यावर उपाय म्हणजे त्याचाच वाग्नेरिआनुस हा प्रकार, लहान आणि ताठ पानांचा, मात्र आणखी सावकाश वाढणारा. मोठं झाड महाग पडतं. आणि त्याचा खरा शत्रू थंडीपेक्षा ओल आहे. पामाला वाढीचं टोक एकच, अगदी मध्ये. तिथे पाणी साचून गोठलं, कुजलं की मधला कोंब ओढल्यावर हातात येतो, आणि बहुतेक वेळा झाड गेलं असं समजावं. म्हणून पावसाळी थंडीत पानं वर सैलसर बांधा, डोक्यावर छत राहील असं बघा, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. गुंडाळायची ती कुंडी: खाली लाकडाची फळी, भोवती काथ्याची जाड चटई. आणि गोठण नसलेल्या दिवशी थोडं पाणी द्या. माती गोठलेली आणि पानांवर ऊन, अशा वेळी झाड थंडीने नव्हे तर तहानेने वाळतं.

२ डिसेंबर २०२३ ला म्युनिकमध्ये ४० सेंटिमीटरच्या वर बर्फ साचला आणि विमानतळ बंद पडला, तेव्हा माझा हान्फपाल्मे बाहेरच होता. काही देठ मोडले, बर्फ झटकला, मेमध्ये नवी पानं आली. कुमाऊंच्या डोंगरात त्याचा एक भाऊबंद, ट्रॅकिकार्पस टाकिल, बर्फात उभा असतो हे लक्षात घेतलं तर त्याचं नवल वाटत नाही.

कॅनरी आत ठेवायची जागा हाही प्रश्न आहेच. त्याला उजेड हवा आणि ५ ते १० अंशांचा गारवा हवा. आजकालची तळघरं बॉयलरमुळे उबदार आणि अंधारी असतात. तिथे कोंब फिकट, लांबुळके होतात आणि खवले कीड, पिठ्या ढेकूण ठाण मांडतात. जिन्यात ठेवाल तर तो आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा रस्ता असतो, घरमालक हरकत घेतात. काही रोपवाटिका हिवाळाभर कुंड्या सांभाळतात, पैसे साधारण झाड किती जागा अडवतं त्यावर, आणि कॅनरी जागा भरपूर अडवतो.

म्हणून माझं मत असं: तुमच्याकडे काचेची थंड खोली असेल, टेरेस आणि ती खोली एकाच पातळीवर असतील, मधे पायरी नसेल, तर कॅनरी जरूर घ्या. त्याच्याइतकं सुंदर दुसरं काही मिळणार नाही. जिना चढवायचा असेल, मदतीला एकच जोडी हात असतील, तर माझ्या मते हान्फपाल्मे.

झुरिक-बाझेलकडच्या मंडळींसाठी मात्र हिशोब वेगळा आहे. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडल्या तिचीनो प्रांतातल्या जंगलांत हान्फपाल्मे इतका पसरला की तिथल्या सरकारने १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची विक्री, आयात आणि भेट देणंसुद्धा बंद केलं. आधीपासून असलेलं झाड ठेवता येतं, पण बी पडण्याआधी फुलोरा कापून टाकावा. जर्मनीतून गाडीत घालून नेण्याचा विचार करू नका.

घ्यायला मेअखेरीस जा, म्हणजे मुळांना रुळायला अख्खा उन्हाळा मिळतो. रोपवाटिकेत मधला कोंब हलकेच ओढून बघा, तो हलता कामा नये. कुंडी रुंदीपेक्षा खोल निवडा, दोघांचीही मुळं खाली धावतात.